अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

—नाही गं बाय, उठू नकोस, मी काय तुला खात नाही. दोन शब्द हवेत फक्त, तुझ्या तोंडून. मालवणी ना तू? मघाशी नवऱ्याला म्हणालीस ना, 'पेजेचो डबो खय ठेवलंस' — तेव्हाच म्हटलं, ही आपली. देवगडकडची? का कणकवली? — बरं, नको सांगू, आपल्याकडली आहेस एवढं पुरे. बस. फक्त या बाजूला बस, माझ्या नि त्या दाराच्या मध्ये. का म्हणजे? माझी सावली दारावर पडायला नको म्हणून. हसू नकोस गं. ही खिडकी बघ, दुपार कलली की ऊन पाठीवर येतं आणि सावली सरकते तिकडे, आणि मी मघापासून बाकड्यावर सरकतेय, सरकतेय — आता बाकडंच संपलं. त्या दाराआड माझी शेवंती आहे. माझी लेक. एकुलती एक.

कालपासून कळा देतेय. आधी म्हणाले, होईल, पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. मग ती लेडी डॉक्टर आली, चष्मेवाली, पोटाला नळी लावून ऐकत बसली, आणि ऐकता ऐकता तिचं तोंड असं बारीक झालं. पोराच्या गळ्याला नाळेचा फास बसलाय म्हणाली. ठोके कमी लागताहेत म्हणाली. पोट उघडावं लागेल. नंदू, माझा जावई, रक्ताची बाटली आणायला सायनला धावलाय. आणि विहीणबाई, सुंदराबाई, त्या स्टेशनाजवळच्या देवळात गेल्यात, अंगारा आणायला. जाताना मला म्हणाल्या — वाईट नाहीत हं त्या, गोड बोलल्या — 'सोनूबाई, राग मानू नका, पण पोर बाहेर आलं की आधी मी बघीन. तुम्ही जरा लांबच बसा. तुमचं हे असं...' आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. मी म्हटलं, हो हो, बसते की.  मलाच भीती. त्यांनी सांगायच्या आधीच मी लांब बसले होते.

तर ते दोन शब्द. सांगते. थांब, आधी हे बघ, या वायरच्या पिशवीत, थर्मासच्या खाली — इकडे तिकडे बघू नकोस, वॉर्डबॉयला कळायला नको — टॉवेलात काय आहे, हात लावून बघ. नारळ. साधा नाही. माझा दीर, धाकू, गावाहून घेऊन आला तो, शेवंतीला नववा लागला तेव्हा. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही माझ्या घरचं. म्हणाला, 'वयनी, दादा गेल्यापासून तुमच्या घरची राखण चुकली हा. पोरगी अडली मगे माझ्याकडे येव नको.' आणि नारळ उंबऱ्यावर ठेवून निघाला. तुला राखण काय सांगायची, तुमच्याकडेही असणारच, शिवेवरचा राखणदार — वर्षाला त्याचा कोंबडा, त्याचा नारळ, घराघरातून. तो वाडी राखतो, आपण त्याला राखायचं. आमचा हातात काठी घेऊन भर दुपारी फिरतो म्हणतात. लग्न होऊन गेले तेव्हा सासूने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, दुपारी विहिरीवर घुंगराचा आवाज आला तर वर बघायचं नाही, कळशी तिथेच ठेवून हात जोडायचे. मी ऐकलाय आवाज. खरंच सांगते, ऐकलाय. बैलाच्या गळ्यातलाही असेल, मला काय माहीत, मी वर बघितलंच नाही ना.

तर धाकू बोलला 'पोरगी अडली', आणि बघ, अडली. अडली ना!

मग तो नारळ ठेवून घाल की राखणदाराला गाऱ्हाणं, असंच म्हणणार ना तू? घालते आणि मोकळी होते — तर तसं नाही होत. मी विश्वासी आहे. म्हणजे — ख्रिस्ती. हळू बोलते म्हणून समजून घे. गळ्यात क्रूस वगैरे नाही, आमच्यात घालत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात झाले. तुला सांगायला काय, तू आज आहेस, उद्या घरी जाशील. अशी बघू नकोस माझ्याकडे, कुणी पीठ-तांदूळ दिले नाहीत मला, त्यासाठी नाही झाले मी.

हे गेले ना — काशीराम — आधी गिरणीत होते, कापडाच्या साच्यावर, संपानंतर कुठे भांडुपला वॉचमन, तिथेच छातीत कळ आली — तेव्हापासून आमच्या चाळीत मी म्हणजे कशी होते सांगू, दारात उभी राहिले तर कामावर निघालेली माणसं परत आत जायची, चप्पल विसरल्यासारखी करून. संक्रांतीला हळदीकुंकवाला सगळी दारं वाजायची, माझं सोडून. ते एक वेळ ठीक. पण शेवंतीच्या लग्नात मी कुठे होते? स्वयंपाकघराच्या दारामागे. माझ्या लेकीची ओटी दुसऱ्या बाईनं भरली, आणि मी फटीतून बघितलं. आणि कुणी ढकललं नव्हतं हं मला. मीच गेले दारामागे. नियम माहीत होता ना. आपल्या हातानं पोरीचं वाईट कशाला करा?

तर आमच्या चाळीत जानकी राहते, नगरकडची, दवाखान्यात आया आहे. ती मला एका रविवारी उपासनेला घेऊन गेली. एक खोली, सतरंजी, एक पेटी, तिचे दोन सूर लागत नाहीत. अंबादास म्हणून पाळक आहेत, आठवडाभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात आणि रविवारी आम्हाला शिकवतात, नखांत शाई तशीच. काही महिने गेले, मग माझा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतरच्या रविवारी प्रभूची भाकर मोडली, सगळे बसले होते, बायका, पुरुष, नवीन लग्न झालेल्या पोरी, आणि पाळक ताट घेऊन सरळ माझ्यासमोर आले. म्हणाले, 'सोनूबाई, आज तुम्ही आधी.' मी! आधी! — बाय, मला कुणी 'आधी' म्हटलंच नव्हतं गं. मी इतकी रडले की भाकर ओली झाली. तेवढ्यासाठी झाले असं समज हवं तर.

बाप्तिस्मा पवईच्या तळ्यात. त्यात मगरी आहेत म्हणतात! मी पाळकांना विचारलं, मगर आली तर? ते म्हणाले, 'तुम्ही मरायलाच तर चाललात, मगरीला कशाला घाबरता?' असे बोलतात ते. मग सांगितलं नीट. पाण्यात जाते ती जुनी सोनूबाई मेली, ख्रिस्ताबरोबर पुरली. वर येते ती त्याची. मानेखाली हात धरून त्यांनी मला मागे नेलं, आणि पाण्याखाली गेले ना, एवढं शांत — कानात काहीच नाही. घुंगूर नाही, सासू नाही, 'हे चालत नाही, ते शिवायचं नाही', काही नाही. मानेखाली तो हात तेवढा. वर आले तर वाटलं परत जावं खाली, अजून थोडं.

नंतर मला ते प्रश्न पडायचे, मी विचारायची. राखण आता कोण देणार? धाकूला काय सांगू? तर पाळक म्हणाले, 'काशीराम गेल्यावर गिरणीनं त्यांना हजेरीला बोलावलं? मुकादम आला दारात, की आज पाळीला का नाही आलास?' मी म्हटलं, नाही, मेलेल्या माणसाला कसा बोलावेल? 'मग झालं. नियमाचा हक्क जित्या माणसावर. तुम्ही मेलात. आता दुसऱ्याच्या झालात, त्याच्याच घरच्या. राखणदारानं हाक मारली तर ती जुन्या सोनूबाईला. ती घरी नाही, एवढंच सांगायचं.' किती सोपं वाटलं होतं तेव्हा. मी चाळीत परत येताना चक्क जिन्याच्या मधून चालले, कडेनं नाही.

पण मेल्यावर भीती कशी वाटते, सांग ना? मेले असते तर ही छाती अशी का उडतेय? — ऑपरेशनच्या दारावरचा तो दिवा अजून लालच आहे ना? तुला दिसतो का तिथून? बघ ना जरा. मला मान वळवायची भीती वाटते.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. ही जानकी. मनानं चांगली, पण तिचं वेगळंच. ख्रिस्ती झालीस ना, मग हे नको, ते नको. गणपतीच्या दिवसांत शेजारची करंजी खायची नाही. शुक्रवारी उपास. बांगडी नको — आता माझ्या हातात बांगडी कुठाय, पण ऐकून घेतलं. प्रार्थना गुडघ्यावरच, बसून केली तर पोचत नाही. मी सगळं पाळलं. बाय, मला पाळायची सवय आहे गं, पाळण्यातच जन्म गेला, कुणी सांगितलं की पाळते. एक शुक्रवार चुकला तर रात्रभर झोप नाही. एकदा पाळकांसमोर मोठ्यानं प्रार्थना करायची वेळ आली, तर माझ्या तोंडून काय निघालं माहितेय? 'बा येशू म्हाराजा, तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत' — सगळी खोली हसली. पाळक हसले नाहीत. नंतर बाजूला घेऊन म्हणाले, 'सोनूबाई, भाषा मालवणी असू दे, त्याला चालते. पण तुम्ही त्याला काठीवाला करून टाकलात. तो शिवेवर फिरत नाही. तुमच्या आत आहे आणि तुम्ही त्याच्या आत.' मी म्हटलं, हो. कळलं काही नाही. आत म्हणजे कुठे?

आणि काल शुक्रवार होता. शेवंतीला कळा सुरू झाल्या, ती म्हणाली, आई तू जेवल्याशिवाय मी चालणार नाही, हट्टीच आहे ती बापासारखी. तिच्यासमोर बसून भात आणि बांगड्याचं तिखलं जेवले. पोटभर. आता बघ — राखणदाराचा नारळ चुकला, येशूचा उपास मोडला, विहीणबाईंच्या नातवंडाच्या दारात माझी सावली. सगळीकडून माझंच. काय झालं तर तिघेही माझ्याकडेच बघणार.

पुढचं सांगू का नको... तू पोटुशी नाहीस ना? बघितलं मी आधी, म्हणून तर तुझ्याशी बोलले. नाहीतर नसतं सांगितलं. शेवंतीच्या आधी मला एक मुलगा होता. गावीच झाला, आमच्या मागच्या पडवीत, भातलावणीचे दिवस, सगळी शेतात, कुणा सुईणीनं नाळ कापली विळ्यानं. त्या वर्षी ह्यांना गिरणीतून रजा मिळाली नाही आणि राखण राहिली. आणि पोरानं पाचवीच्या आत दूध सोडलं. तोंडच उघडेना, अंग असं ताठ, धनुष्यासारखं — नको. सासू म्हणाली, राखण चुकली, राखणदारानं नेलं. मला म्हणाली, तू आठवण का केली नाहीस नवऱ्याला. मी सतरा-अठराची. मला वाटलं, खरंच, मी का नाही केली? इथे शेवंतीला धनुर्वाताची सुई दिली ना पाचव्या महिन्यात, तेव्हा नर्सला मी विचारलं ही कशाची, ती म्हणाली, गंजक्या हत्यारानं नाळ कापली की पोरं जातात त्याची.  एवढी वर्षं... एवढी वर्षं, बाय. पण गंमत बघ, डोक्याला कळलं आणि भीती तशीच. भीतीला काही कुणी सुई दिली नाही.

हे मी पाळकांना सांगितलं होतं, एकदाच. मला वाटलं, काही शास्त्रातलं सांगतील.  तर त्यांनी विचारलं, 'नाव काय ठेवणार होता?' मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, ह्यांनीसुद्धा नाही. मी म्हटलं, लवू. ते म्हणाले, 'लवू,' आणि रडले. पुरुषमाणूस, शाईच्या हातांनी तोंड पुसत होता.

हं, ते दोन शब्द. चिडू नकोस, मूळ गोष्टीवर येतेय. आज सकाळी शेवंतीला जरा ग्लानी आली, सुंदराबाई चहाला गेल्या, आणि मी... मी काढला नारळ. हो. काढला. धाकूचं नाव घेते, पण धाकूनं काही पिशवीत घातला नव्हता तो, मीच घातला. उंबऱ्यावरून उचलून टाकून द्यायला हवा होता तेव्हाच, तर मी तो तांदळाच्या डब्यामागे ठेवला होता. सगळं झाकून. रविवारी उपासनेला जायचे आणि नारळ तिथे. तर तो काढला आणि पोरीवरून उतरवला, आणि गाऱ्हाणं घालायला लागले, ओठांतल्या ओठांत — 'बा राखणदारा म्हाराजा, जा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, आणि ह्या बाळंतिणीची नि पोराची राखण कर रे म्हाराजा' — आणि थांबले. कारण गाऱ्हाण्याला कुणी 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागतं ना! एकानं घालायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. होकार नसला तर ते गाऱ्हाणं पोचत नाही, अर्धंच राहतं, आणि अर्धं गाऱ्हाणं तर न घातल्याहून वाईट, त्याला उठवायचं आणि काही द्यायचं नाही. कोण देणार होकार? पोरगी ग्लानीत. शेजारच्या खाटेवरची मद्रासी. मी हातात नारळ घेऊन उभी, आणि मग आठवलं — अगं बाई, बायका गाऱ्हाणं घालतच नाहीत! आणि विधवेनं तर — म्हणजे नाही घातलं तरी मी गुन्हेगार आणि घातलं तरी गुन्हेगार. त्यात मी येशूची, तर तिकडेही. ज्या नियमानं मला करायला लावलं त्यानंच वर मला हाकललं. मी नारळ टॉवेलात गुंडाळला आणि तासाभरात डॉक्टर नळी लावून ऐकायला लागली.

म्हणून तू. तू सवाष्ण आहेस, हातात हिरव्या बांगड्या आहेत, आपल्याकडली आहेस. मी मनातल्या मनात घालते, कुणाला ऐकू जाणार नाही, मी थांबले की तू फक्त म्हणायचं, व्हय म्हाराजा. हळू. तुझ्या तोंडून गेलं तर चालेल, तुझ्यात काही खोट नाही. आणि मी तर काय, माझं बोलणं मोजायचंच नाही. म्हणजे राखणही झाली आणि मी केली असंही नाही. — काय? नवऱ्याला विचारून? अगं, दोन शब्द आहेत!

...माफ कर. ओरडायला नको होतं. हा माझा हात. तू धर ना जरा. धर. थंड आहे ना? पवईच्या पाण्यातून बाहेर आले तेव्हा असाच झाला होता, पण तेव्हा भीती नव्हती.

तुझी कोण आहे आत? नणंद? केसपेपर केला का तिचा? इथे फार नाटकं आहेत केसपेपरची. शेवंतीचा करताना मी त्या बाबूला विचारलं, पोराचा वेगळा करायचा का? तो म्हणाला, 'आजी, पोर आत आहे तोवर कसला पेपर? आईचं नाव तेच त्याचं. आईला दाखल केलं की तो दाखल.' हसले सगळे रांगेतले. मला तेव्हापासून ते सारखं आठवतंय. पोर आत आहे तोवर त्याला कुणी काही विचारत नाही. ते रांगेत उभं राहत नाही. ते उपास करत नाही, ते काही पाळत नाही गं. आई जेवली की ते जेवलं. आई इथवर चालत आली की ते आलं. त्याला माहीतसुद्धा नाही.

आत म्हणजे... असं का?

असं असेल? पाळक म्हणत होते ते असंच असेल? मी त्याच्या आत, म्हणजे माझा वेगळा पेपरच नाही? तो मेला तेव्हा मी मेले, तो उठला तेव्हा — आणि मी इकडे माझ्या नावाचा पेपर हातात धरून ह्या खिडकीपाशी, त्या खिडकीपाशी, राखणदाराकडे, जानकीकडे, विहीणबाईंकडे, शिक्का मारा, शिक्का मारा... देवा. येशू. बा येशू म्हाराजा. मला काही कळत नाही रे. मला फक्त भीती वाटते. माझी पोरगी मरायला नको. तिचं पोर मरायला नको. माझ्या लवूसारखं नको. मी काही द्यायला आणलं नाही. नारळ आणलाय तो तुझा नाही, आणि उपास मी मोडलाय. तुझ्याकडे यायचं तर मी अशीच आहे.

—दिवा विझला ना? लाल दिवा गेला? बघ. बघ ना! गेला? मग कुणी बोलत का नाही आत? रडायला हवं ना पोरानं? पोट उघडलं की लगेच रडतं ना? तुझ्या वेळी रडलं होतं? एवढा वेळ लागतो?

ऐक. ऐकलंस? ते कोण? आमचं? दुसऱ्या टेबलावरचं असेल. नाही — ऐक, परत...

हो! हो सिस्टर, शेवंतीचं, मी, इकडे! कशी आहे ती? शेवंती कशी आहे? ...टाके घालताहेत. बरी आहे. बरी आहे म्हणतात, ऐकलंस ना तू, बरी आहे. आणि हे — मुलगा? — हातात घ्यायचं? आत्ता? नाही सिस्टर, सासूबाई देवळात गेल्यात तिच्या, येतीलच, थोडं थांबलात तर... जावई रक्ताला गेलाय. नाही, दुसरं कुणी नाही. थांबता येणार नाही? मी — मी आई आहे तिची, पण माझं — मी विध—

सिस्टर, एक मिनिट. एकच.

बाय, तू तोंड उघडलंस का? आता म्हणणार आहेस? नको. नको म्हणू! राहू दे ते अर्धं. ज्या सोनूबाईनं घातलं होतं ती घरी नाही. हे घे, हा नारळ घे, टॉवेलासकट घे, घरी ने नि चटणी वाट, नणंदेच्या पेजेबरोबर दे, चांगला पाण्याचा आहे, मी हलवून बघितलाय. घाबरू नकोस, नारळच आहे. मी? मी घाबरलेय ना.  भीती कुठे गेलीय, भीती आहे तिथेच आहे. घेऊनच जाते तिला.

सरक जरा, बाय. उन्हातून सरक. पडू दे सावली.

द्या सिस्टर. आधी माझ्याकडे द्या.